यानातली शेजारची खुर्ची

माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजता येतं, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. नारायणगावच्या चष्मेवाल्यानं माझ्या नाकावर पट्टी धरली आणि आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. सदुसष्ट मिलिमीटर.

"नवा चष्मा करायचाय का, सर?"

"नाही. अंतराळयानात बसायचंय."

"बसा की," तो म्हणाला. "एसटीत तरी कुठं जागा मिळतीय."

एरवी मी यावर काहीतरी टोला दिला असता. त्या आठवड्यात माझ्याकडं विनोद शिल्लक नव्हता. आणि जी वेळ माझ्यावर आली होती ती विनोदानंच आणली होती.

मी शाळेत मराठी शिकवायचो. सुरुवातीची वर्षं तळेघरला, नंतर खाली देशावर, आणि निवृत्तीनंतर आमच्या गावी, निमगाव सावाला, येऊन राहिलो. एवढ्या काळात मी इतके सत्कार पाहिले की शाल दिसली तरी मला जांभई येते. ज्याचा सत्कार आहे त्याच्यापेक्षा करणाऱ्यांचे फोटो मोठे, हा नियम मला एकाही गावात मोडलेला आढळला नाही. मी या गोष्टींची टिंगल करतो, लोक हसतात, आणि मग पुढच्या सत्काराला मलाच भाषणाला बोलावतात. कारण माझ्या भाषणात मजा येते.

मुलाला कॅनडात नोकरी लागली तेव्हा गावानं त्याचा सत्कार ठेवला. चौकात फ्लेक्स, डोक्याला फेटा, सगळं यथासांग. वडील म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "ज्याच्या सत्काराला आपण जमलोय तो दुसऱ्या वर्षाला गणितात दोनदा नापास झाला होता. सहा महिने तो रोज डबा घेऊन कॉलेजला म्हणून निघायचा आणि स्टँडवर बसून परत यायचा. तेव्हा घर सोडून जायचा सराव त्याला आहे. तो चाललाय त्या देशाची मात्र मला काळजी वाटते."

लोक इतके हसले की मांडवाच्या मागं भांडी घासणाऱ्या बायका पुढं आल्या. लोक हसले म्हणून मी आणखी दहा मिनिटं बोललो. स्टँडवरच्या त्या सहा महिन्यांबद्दल आमच्या घरातल्या चौघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. तेव्हा त्यानं जेवण सोडलं होतं आणि त्याची आई विहिरीकडं जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवून बसायची. हे मी भाषण करताना विसरलो नव्हतो. मला ते चांगलं आठवत होतं. पण वाक्य जमलं होतं.

त्यानं फोटोपुरता माझ्या पायांना हात लावला. त्यानंतर पावणेदोन वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल करायचा. मी नुसता मागून गेलो तरी कॉल कट व्हायचा.

"नेट गेलं जणू," बायको म्हणायची. नेट दर वेळी मी खोलीत आल्यावरच कसं जातं, हे तिनं मला कधी विचारलं नाही.

मी पत्रं लिहिली. चांगली लिहिली होती, आणि तीच अडचण होती. वाचली की वाटायचं, याच्यातही मी टाळ्यांची वाट बघतोय. एकही पाठवलं नाही.

मग पुण्याहून मुलीचा फोन आला.

"आण्णा, त्याच्या यानात एक खुर्ची रिकामी आहे."

मला वाटलं कार घेतली असेल. तसं नव्हतं. कॉम्प्युटरवर अंतराळयान चालवायचा एक खेळ असतो, त्याला खेळ म्हणणं त्या लोकांना आवडत नाही, ते सिम्युलेशन म्हणतात. त्यात आपली आख्खी आकाशगंगा आहे. ग्रहावर यान उतरवायचं तर इंधन, वेग, कोन सगळं खरं सांभाळावं लागतं. मुलगा आणि त्याच्यासारखे वीसेक जण आपापली यानं घेऊन आकाशगंगेच्या मध्याकडं निघणार होते. मोहीम पाच-सहा महिने चालणार. सुरुवातीच्या दिवशी जो यानात नाही त्याला मधे घेत नाहीत. त्याच्या जोडीदारानं ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं, आणि त्यानं ग्रुपवर विचारलं होतं, कुणी येणार का.

"मी सांगितलं, माझ्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ आहेत. माईक बिघडलाय, पण ऐकतात सगळं. तो म्हणाला, चालेल."

"खोटं बोलून बसू?"

"आण्णा, खरं बोलून तुम्ही काय केलंत ते सगळ्या गावानं ऐकलंय."

बसायला काय काय लागेल ते मी विचारलं.

अट एकच होती. त्यांच्यात सगळे डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावून बसतात. साध्या पडद्यासमोर बसणाऱ्याला घेत नाहीत. हेडसेट लावला की तुम्ही यानाच्या आत असता, आणि मान वळवली की शेजारच्या खुर्चीतला माणूस दिसतो. त्यानं मान वळवली तर तुम्ही त्याला दिसता. मुलीनं हे सहज सांगितलं. मला मात्र त्यापुढचं काही ऐकू आलं नाही. मान वळवली की तो दिसतो. मोहीम निघायला दहा दिवस होते.

मंचरला कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा एक जण आहे, अवसरीच्या कॉलेजात शिकलेला. त्याच्याकडं गेलो.

"सर, नातवाला का?"

"मला."

"लई भारी, राव." त्यानं खुर्ची ओढली. "पण मग कशाला पायजे ते आधी सांगा. घरात नाचायचं असलं तर एक, बसून यान चालवायचं असलं तर दुसरा."

त्यानं समजावलं. काही हेडसेट स्वतःच्या जिवावर चालतात, तार लागत नाही, पण त्यांच्यात एवढी मोठी आकाशगंगा मावत नाही, ती कॉम्प्युटरवरूनच पाठवावी लागते. तारेशिवाय पाठवायची तर घरात वाय-फाय खणखणीत हवं. आमच्या वाय-फायला खणखणीत म्हणणं ही माझ्या भाषणातली अतिशयोक्ती झाली असती. म्हणून तारेचा. काहींना भिंतीवर दोन कोपऱ्यांत सेन्सर ठोकावे लागतात, ते डोकं कुठंय ते बघतात. काही हेडसेट ते काम स्वतःच करतात. भिंतीत खिळे नकोत म्हणून मी दुसरा प्रकार सांगितला. यानातले आकडे बारीक असतात, तेव्हा पडदा जास्तीत जास्त स्वच्छ हवा. बुबुळांचं अंतर जुळवता यायला हवं, नाहीतर सगळं दुहेरी दिसतं. माझ्या नंबरच्या काचा बनवून आत बसवता येतात, पण त्याला तीन आठवडे. म्हणून चष्म्यासकट डोक्यावर बसेल असा. आणि वजन मानेवर येतं, म्हणून मागच्या बाजूला भार असलेला.

इतक्या काळजीनं मी मुलाचं कॉलेजही निवडलं नव्हतं. तिथं मी फक्त म्हणालो होतो, जवळ आहे, एसटी आहे, जा.

त्यानं जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घालून दिलं, आणि हेडसेट मोहिमेच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, हातात पडला. मी खोका टेबलावर उघडला. काळी, गुळगुळीत वस्तू. बायको हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली.

आमच्या घरात यंत्र आलं की त्याला आधी कुंकू लागतं. मोटरसायकल, मिक्सर, विहिरीवरची मोटर, कुणीही सुटलेलं नाही. मी या प्रकाराला हरकत घेत नाही, फक्त भाग घेत नाही. हाताची घडी घालायची आणि खिडकीबाहेर बघायचं, हा माझा तीस वर्षांचा परिपाठ आहे. त्या दिवशीही मी तोंड फिरवून शेजाऱ्यांच्या कांद्याच्या चाळीकडं बघत उभा राहिलो. मागं तिचं पुटपुटणं चाललं होतं. ती काय मागत होती ते मला माहीत होतं. मीही तेच मागत होतो, फक्त चाळीकडं बघून.

वळून बघितलं तर हेडसेटच्या तोंडावर चार ठिकाणी हळद-कुंकवाची बोटं होती. दोन वर, दोन खाली, अगदी सारख्या अंतरावर.

"आठ दिस पुसू नका," ती म्हणाली.

मी जोडणी सुरू केली. तार कुठं, वीज कुठं, हे जमलं. विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडचं व्होल्टेज पडतं, म्हणून स्टॅबिलायझर लावला. हेडसेट लावल्यावर कीबोर्ड दिसत नाही, म्हणून लागणाऱ्या चार बटणांवर तुरीची डाळ चिकटवली, बोटांना कळायला. एक डाळ म्हणजे इंधन, दोन म्हणजे नकाशा. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग मी डोक्यावर हेडसेट चढवला आणि समोर अक्षरं आली : ट्रॅकिंग हरवलं आहे. खोलीत उजेड वाढवा. म्हणजे माझं डोकं कुठंय ते यंत्राला कळत नव्हतं.

मी दिवे लावले. तेच. मान वळवली तर आख्खं यान माझ्याबरोबर वळायचं, मग थरथरायचं, मग जमीन वर आणि छत खाली. दुसऱ्याच मिनिटाला मी मोरीत ओकत होतो.

माहितीपुस्तकात लिहिलं होतं, आरसे झाका. आरसा झाकला, कपाटाच्या काचेवर चादर टाकली. लिहिलं होतं, उन्हाची तिरीप नको. खिडकीला घोंगडी लावली. मग उजेड कमी पडला म्हणून शेजाऱ्यांकडून लग्नातला हॅलोजन आणला. शुक्रवारी भर दुपारी बंद खोलीत घोंगडी लावून, हॅलोजनखाली, घामाघूम होऊन मी बसलो होतो आणि यान तसंच हेलपाटत होतं.

हॅलोजनचा मालक दारात येऊन उभा राहिला. "सर, पिल्लं उबवताय का काय?"

"अंतराळात चाललोय."

"बिबट्या न्हाई ना तिकडं? मग बरंय. जावा."

मंचरच्या दुकानदारानं फोनवर विचारलं, "कॅमेरे झाकले नाहीत ना?" मी म्हणालो, कॅमेरा कसला, माझ्या मोबाईलला आहे, तो झाकलेला नाही. मोबाईल वेगळा, तो म्हणाला, पण तेवढ्यात त्याच्याकडं गिऱ्हाईक आलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी सात वेळा सगळं काढून जोडलं.  मुलगा तिकडं परवा निघेल, सहा महिने निघून जाईल, आणि त्याच्या शेजारी कुणी अनोळखी माणूस बसलेला असेल, त्याच्याशी तो गप्पा मारेल. या विचारानं मी जमिनीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. बायकोनं दारातून बघितलं. चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

शनिवारी सकाळी मुलीनं व्हिडिओ कॉल केला. "आण्णा, हेडसेट माझ्यापुढं धरा. फिरवा. थांबा. ते लाल काय आहे?"

"कुंकू."

ती पडद्याजवळ सरकली. "त्याच्या खाली चार काळे ठिपके आहेत ना?"

"असतील."

"आण्णा, ते त्याचे डोळे आहेत. त्या चार कॅमेऱ्यांनी तो खोली बघतो. तुम्ही त्याचे चारही डोळे बुजवलेत."

मी बायकोकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते असो, ती मागं सरली नाही.

"मला काय म्हाईत ते डोळे हायेत? चार टिकल्यांची जागा दिसली, लावलं. तुमी सांगितलं व्हतं का? तुमी तर तोंड फिरवून हुबे व्हते."

"तू नीट बघायचं होतंस."

"मी बघतच व्हते. तुमी न्हवते बघत." मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिशी सत्काराला बी मी त्याच्याच तोंडाकडं बघत व्हते. तुमी मानसांकडं बघत व्हते."

मुलगी फोनवर हे ऐकत होती. मी चष्मा पुसायचं फडकं आणलं, पण बायकोनं ते काढून घेतलं आणि स्वतःच पुसायला बसली. कापूस किंचित ओला करून, एकेक ठिपका, बाळाच्या डोळ्यातलं काजळ पुसावं तसा. तीन स्वच्छ निघाले. चौथ्याच्या कडेला पिवळट डाग राहिला. घासलं तर चरा पडेल म्हणून सोडून दिलं.

मी हेडसेट लावला. यान जागेवर उभं होतं. समोर काच, काचेबाहेर काळोख आणि इतके तारे, की शेतात झोपायचो त्या वयातसुद्धा मी एवढे पाहिले नव्हते. मी मान उजवीकडं वळवली. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत मी अर्धा तास सराव केला आणि ओकारी येऊ नये म्हणून सुंठ चघळत राहिलो.

रविवारी सकाळी साडेआठला मी आत गेलो. तिकडं शनिवारची रात्र. शेजारच्या खुर्चीत हेल्मेट घातलेला एक जण बसला होता. चेहरा दिसत नव्हता. त्यानं मान माझ्याकडं वळवली.

"वेलकम, सर," तो इंग्रजीत म्हणाला. "माईक नाही हे मला माहीत आहे. हो म्हणायला मान हलवा."

पावणेदोन वर्षांनी तो माझ्याशी बोलत होता. मी मान हलवली. तो मला शिकवायला लागला. ही इंधनाची पट्टी, ही उष्णता, सूर्याजवळ गेलो की ही वाढते, लाल झाली की मला खूण करा. घाई करू नका, पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं. इतकं शांतपणे, इतक्या सोप्या शब्दांत. मी तीस वर्षांवर मुलांना शिकवलं, पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं असं कुणाला म्हणालेलो मला आठवत नाही.

पहिली उडी झाली, म्हणजे एका ताऱ्यापासून थेट दुसऱ्या ताऱ्यापाशी. दुसरी झाली. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही डावीकडं सरकताय."

चौथ्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं. मी खुर्चीवर घट्ट बसलो होतो आणि तरीही हळूहळू यानाच्या भिंतीतून बाहेर चाललो होतो. माझा खांदा बाहेर गेला. समोरची काच तिरकी झाली. तो दूर जाताना दिसत होता.

"सर, जागा पुन्हा ठरवायचं बटण दाबा. सर? तुम्ही यानाच्या बाहेर बसलाय."

मी डाळी चाचपल्या. एक, दोन, तीन. कुठली ते आठवेना. काळोख सगळीकडून आत आला, आणि माझ्या तोंडून गेलं, "कुठलं बटण रे?"

माईक बंद करायचा मी विसरलो होतो.

 पुढच्या उडीची उलटी मोजणी सुरू होती. यानाचा मालक जोडीदाराला एक बटण दाबून उतरवू शकतो, हे मला मुलीनं सांगितलं होतं. मी त्याची वाट बघत होतो.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "लोक हसत होते म्हणून मी बोलत राहिलो. तू खाली बघत होतास ते मला दिसलं होतं. तरी बोललो."

पुढं एक वाक्य सुचलं होतं, चांगलं होतं. मी ते गिळलं.

उडी झाली. नवा सूर्य समोर आला, मोठा, पिवळा, आणि मुलगा बराच वेळ त्याच्याचकडं बघत राहिला. मग मराठीत म्हणाला, "आई आहे का तिथं?"

"आहे."

"तिला द्या."

मी हेडसेट काढला. जी खुर्ची मिळवायला दहा दिवस जीव टांगणीला लावला होता, त्या खुर्चीवरून उठलो आणि बायकोला बसवलं. तिच्या डोक्याला पट्टा आवळताना तिचा अंबाडा आड आला, तो तिनं सोडला.

"अगं बया," ती म्हणाली. "आनि हे कोन बसलंय? तू हायेस व्हय?"

मला आता फक्त टेबलावरच्या पडद्यावर दिसत होतं, तिला जे दिसत होतं ते सपाट होऊन. त्याचं हेल्मेट तिच्याकडं वळलेलं होतं. पूर्ण वळलेलं. ती जेवलास का विचारत होती, तो तिला शनीसारखा कड्यांचा ग्रह दाखवू का म्हणत होता, ती म्हणाली, "शनी कशाला दाखवतोस, दुसरं काय न्हाई का?" आणि तो हसला. ते हसणं मी उभ्यानं ऐकलं.

अर्ध्या तासानं तो म्हणाला, "आई, त्यांना सांग, रिकाम्या पोटी बसू नका म्हणावं. आणि भरल्या पोटीही नको. आणि रविवारी आठला बसा म्हणावं. साडेआठला नाही. त्यांना जागेवर बसायलाच वेळ लागतो."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. सगळं ऐकू आलं होतं. तरीही ती माझ्या बाजूला तोंड करून, डोळ्यांवर ते काळं यंत्र तसंच ठेवून म्हणाली, "तो म्हनतोय, रिकाम्या पोटी बसू नका. आन रविवारी आठला बसा."

"बरं म्हणावं."

"तुमीच सांगा की. हितंच तर हुबे हायेत."

मी वाकलो. माईक तिच्या गालाजवळ होता.

"बसतो," मी म्हणालो.

 पडद्यावर त्याचं हेल्मेट पुन्हा काचेकडं वळलेलं दिसत होतं आणि यान पुढच्या उडीसाठी वेग घेत होतं.